आधी बिल्ला उलटा करून पाहा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी नाशिकला राहतो, वय ६२. अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा ठोकून भाग काढणाऱ्या विभागात, तीस वर्षं काढून निवृत्त झालो. लेक-जावई ग्लासगोला असतात. तीन वर्षांपूर्वी तिकडे गेलो असताना शनिवार-रविवारच्या जुन्या बाजारात एका टेबलावर पांढऱ्या धातूचा टोपीचा बिल्ला दिसला. तारा, ताऱ्यात बिगूल, वर मुकुट, खाली पट्टीवर रोमन लिपीत 'असई' आणि पट्टीखाली हत्ती. जिथे १८०३ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांना हरवलं, त्या आपल्या जालना जिल्ह्यातल्या गावाचं नाव इतक्या लांब पाहून अंगावर काटा आला. विक्रेत्याने '१८०३ च्या लढाईतला' म्हणून ९५ पौंडांना दिला. तेव्हापासून नादच लागला. आज माझ्याकडे स्कॉटिश पलटणींचे ३४ बिल्ले आहेत. गेल्या महिन्यात जावयाच्या ओळखीच्या एका संग्राहकाने फोटो पाहून सांगितलं, 'हा १८०३ चा असूच शकत नाही, नकलीही असेल.' त्या दिवसापासून बाकीच्या ३३ वरचाही विश्वास उडालाय. बायको म्हणते, 'आपल्याला हरवलेल्यांचे बिल्ले घरात कशाला? विकून टाका.' प्रत्येक बिल्ल्याचं नेमकं साल कसं काढायचं? तज्ज्ञ कुठे गाठायचा? विक्रेत्याला जाब विचारू का? की सगळं विकून मोकळा होऊ?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी लक्ष बिल्ल्याकडे होतं, दुसऱ्या वेळी प्रेस शॉपकडे गेलं. तज्ज्ञ कुठे गाठायचा असं विचारता आणि त्याच पत्रात तीस वर्षं डाय-पंचाशी घालवल्याचं एका ओळीत उरकून पुढे जाता. मला ती ओळ फार मोलाची वाटली. तिच्याकडे येतेच, पण आधी १८०३ चा निकाल लावू.

तो संग्राहक बरोबर बोलला आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत, बिल्ल्यावरच्या बिगुलाच्या वळशात तीन अक्षरं एकमेकांत गुंतवलेली आहेत: एच, एल, आय. म्हणजे हायलंड लाइट इन्फन्ट्री. ही पलटण जन्मली १ जुलै १८८१ ला. ब्रिटिश सरकारने त्या दिवशी पायदळाचे जुने आकडे काढून पलटणींना प्रदेशांची नावं दिली आणि बहुतेक ठिकाणी दोन-दोन जुन्या पलटणी एकत्र बांधल्या. ७१ वी आणि ७४ वी मिळून हायलंड लाइट इन्फन्ट्री झाली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रानात लढली ती ७४ वी. तिच्या माणसांच्या टोपीवर ही तीन अक्षरं असणं शक्यच नव्हतं, ती अक्षरं यायला अजून ७८ वर्षं होती. त्या काळचं जे धातूकाम आज कुठे कुठे पाहायला मिळतं, ते छातीवरून तिरक्या जाणाऱ्या पट्ट्याच्या प्लेटचं आणि त्यावर पलटणीचा आकडा असतो.

म्हणजे हत्ती आला तो आठवण म्हणून. लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने ७४ व्या आणि ७८ व्या हायलंडर पलटणींना आणि १९ व्या ड्रॅगून घोडदळाला मानाचं जादा निशाण दिलं. हत्ती आणि 'असई' हा शब्द तेव्हापासून या पलटणींबरोबर चालत आला. ७८ वी पुढे १८८१ मध्ये ७२ वीशी जोडली जाऊन सीफोर्थ हायलंडर्स झाली. सीफोर्थच्या टोपीवर हरणाचं मस्तक असतं, पण कोटाच्या कॉलरवर हाच हत्ती. तुमच्या ३४ मध्ये बोटाच्या पेराएवढा एखादा सुटा हत्ती असेल, तर तो कॉलरचा आहे का ते नक्की बघा.

आता तुमच्या बिल्ल्याचं वय. समोरून काढलेल्या फोटोत मुकुट स्वच्छ दिसतो. त्याच्या कमानी मध्ये कुठेही न दबता घुमटासारख्या गोल चढल्या आहेत. संग्राहक याला 'किंग्ज क्राउन' म्हणतात. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला तेव्हा हा आकार ठरला आणि दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालला. त्याआधीचा व्हिक्टोरियाचा मुकुट खांद्यांशी बाहेर फुगलेला आणि डोक्यावर चपटलेला असतो. एलिझाबेथच्या मुकुटाचे खांदे वर उचललेले आणि मधला भाग खाली दबलेला. नवशिक्याची गल्लत होते ती नेहमी या दोघींत, कारण दोन्ही मुकुट मध्ये बसके दिसतात आणि ५० ते १०० वर्षांचा फरक एका नजरेत हुकतो. भिंग घ्या, तिन्ही मुकुट कागदावर एकदा हाताने काढा. डोळा शिकण्याआधी हात शिकतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा तोच गोल घुमटाचा मुकुट निवडला आहे, तेव्हा यापुढे 'किंग्ज क्राउन आहे म्हणजे जुना' हा हिशेबही आंधळेपणाने करता येणार नाही.

तर उत्तर आलं: १९०१ ते १९५३. तुम्ही मागितलं होतं नेमकं साल आणि मी देते आहे ५२ वर्षांचा पट्टा. इथे थोडं थांबूया, कारण तुमची झोप उडाली आहे ती, मला वाटतं, या 'नेमक्या साला'च्या हट्टापायी. सैनिकांचे बिल्ले हजारोंच्या संख्येने ठोकले जात आणि त्यांच्यावर साल घालायची पद्धत नव्हती. राजा बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या टोप्यांवरचे मुकुट बदलत नसत. जुना साठा संपेपर्यंत तोच चाले. अशा वस्तूला साल विचारणं म्हणजे विहिरीतल्या पाण्याला कुठल्या पावसाचं आहेस म्हणून विचारणं. प्रामाणिक संग्राहक काळाचा पट्टा सांगतो आणि तो का, हेही सांगतो. नेमकं साल सांगून जास्त पैसे मागणारा समोर आला, तर पुरावा मागा.

एक अपवाद आहे. अधिकाऱ्यांचे बिल्ले बऱ्याचदा खऱ्या चांदीचे असत आणि चांदीवर तपासणीचे छाप असतात. एडिंबरोचा छाप तीन बुरुजांचा किल्ला, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर. शेजारी एक छोटं अक्षर असतं, त्या अक्षरावरून त्या गावच्या तक्त्यात चांदी तपासल्याचं वर्ष काढता येतं. तुमच्याकडे असा एखादा असेल तर त्याचं साल मात्र तुम्ही छातीठोकपणे लिहू शकता.

आता प्रेस शॉप. तुम्ही मला फक्त समोरचा फोटो पाठवलात. विकत घेतानाही तुम्ही हत्ती पाहून इतके हरखलात की बिल्ला उलटा केला नसावा, असं मला वाटतं. पण खरं काय ते मागे असतं.

सैनिकाचा अस्सल बिल्ला पत्र्यातून ठोकून काढलेला असतो. खाली ठशाचा डाय, वर त्याला जुळणारा पंच, मध्ये पत्रा. म्हणून समोर हत्तीची पाठ जिथे फुगते, मागे तिथेच खळगा पडतो. पाठीमागे सगळ्या नक्षीचं उलटं, थोडं पुसट चित्र दिसायला हवं. मग ताऱ्याच्या किरणांमधल्या, बिगुलाच्या दोरीजवळच्या मोकळ्या जागा पंचाने छेदलेल्या असतात. छेदाची कड कशी असते, हे तुम्ही डोळे मिटून बोट फिरवून सांगाल: एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला बारीक बर, म्हणजे बोटाला टोचणारी खरखरीत कड. नकली बिल्ला बहुतेक वेळा ओतीव असतो. त्याची पाठ सपाट किंवा गुळमट, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, मोकळ्या जागांच्या कडा वितळल्यासारख्या गोल, आणि कुठेतरी कानशीने घासल्याच्या खुणा. आणखी एक गोष्ट तुम्हाला लगेच पटेल. ओतकामात धातू थंड होताना आकसतो, म्हणून साच्यासाठी नमुना बनवणारा पॅटर्नवाला मापात वाढ ठेवतो. नक्कल करणारा साचा थेट मूळ बिल्ल्यावरून घेतो. त्याला वाढ कुठून मिळणार? त्याची नक्कल मूळापेक्षा केसभर लहान भरते. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घरात असेलच. ग्लासगोला पुढच्या वेळी जाल तेव्हा खात्रीच्या बिल्ल्याचं माप घ्या आणि आपल्याशी ताडून पाहा.

अवघड प्रकार तिसरा. जुने डाय नष्ट होतातच असं नाही, आणि त्यांच्यावर नंतरच्या काळात नव्याने बिल्ले ठोकले गेले आहेत. बाजारात याला 'रीस्ट्राइक' म्हणतात. तो ठोकीवच असतो, मापही बरोबर भरतं, त्यामुळे वरच्या दोन कसोट्या त्याला लागत नाहीत. इथे डायची तब्येत बघायची. पडून राहिलेल्या डायला गंज चढला की त्याला बारीक खड्डे पडतात आणि खड्ड्यांच्या जागी बिल्ल्यावर बारीक पुळ्या उठतात. झिजलेल्या डायमधून हत्तीच्या कानाची घडी, त्याचा डोळा बोथट येतो. इथे नीट बघा, कारण झीज दोन प्रकारची असते. शिपायाने वर्षानुवर्षं घासलेल्या बिल्ल्यावर फक्त उंचवटे झिजतात. हत्तीची सोंड आणि पाठ गुळगुळीत होते, पण पायांच्या बेचक्यात, अक्षरांच्या कोपऱ्यांत रेषा अजून तीक्ष्ण असतात आणि तिथे काळा मळ घट्ट बसलेला असतो. झिजलेल्या डायमधून निघालेला बिल्ला उंचवट्यावर आणि खोलात सारखाच बोथट दिसतो. तासभर भिंगाखाली बसलात की हा फरक कळायला लागेल.

शेवटी कड्या बघा. ग्लेनगॅरी म्हणजे ती दुमडती, मागे फिती सोडलेली स्कॉटिश टोपी. तिच्या बिल्ल्याला मागे बहुधा दोन कड्या डाखलेल्या असतात आणि त्यांतून पिन आडवी सरकवतात. इंग्लिश पलटणींच्या बिल्ल्यांना विसाव्या शतकात कड्यांऐवजी मागे उभी पट्टी आली, टोपीच्या फटीत खुपसायची. स्कॉटिश बिल्ल्याला अशी पट्टी दिसली म्हणजे तो खोटाच, असं नाही. पण मग बाकीच्या कसोट्या दुप्पट कडकपणे लावा. कडीच्या बुडाशी डाख कसा आहे? जुना डाख मळकट, पाठीच्या रंगात मुरलेला असतो. नवा चकचकीत आणि ओघळलेला. बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असेल तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नामांकित कारखान्यांची नावं उशिराच्या ठोकीवरही सापडतात.

बाकीच्या ३३ साठी मोघम चार खुणा देते, कारण मुकुट सगळीकडे उपयोगी पडत नाही. गॉर्डन हायलंडर्सच्या हरणाखाली जो मुकुट दिसतो तो राजाचा नाही, सरदाराचा आहे. तो राजाबरोबर बदलला नाही, तेव्हा त्यावरून काळ ठरवायला जाऊ नका. कॅमेरॉन हायलंडर्सचा क्रूस धरलेला संत अँड्र्यू आणि कॅमेरोनियन्सचा बिगुलावरचा तारा, यांना तर राजमुकुट नाहीच. तिथे पलटणीचं नाव वाचा. किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्स हे नाव १८८७ चं, त्याआधी त्यात 'स्कॉटिश' नव्हतं. मोठा आकडा मिरवणारा ग्लेनगॅरी बिल्ला साधारण १८७४ ते १८८१ चा. हे दुर्मिळ, आणि म्हणूनच यांच्या नकला फार. हलका, सोनेरी-रुपेरी, कधीच काळा न पडणारा बिल्ला हाती आला तर तो ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा, १९५० च्या दशकापासून पुढचा. त्या धातूवर गोल घुमटाचा मुकुट दिसला की सावध व्हा. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला प्लॅस्टिकचेही बिल्ले निघाले होते. ते हातात घेऊन खेळणं समजून फेकू नका.

घासण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत बिल्ला जरा जास्तच उजळ दिसतोय म्हणून मीच विषय काढते. माझ्याकडे गॉर्डनचा एक बिल्ला होता, कित्येक वर्षं डब्यात पडून काळवंडलेला. दिवाळीच्या साफसफाईत देवाच्या भांड्यांबरोबर तोही चिंच-मिठाने घासून काढला. हरणाच्या मानेवरच्या केसांच्या रेघा, ज्या काळ्या मळामुळे उठून दिसत होत्या, त्या गेल्या. उरलं एक गुळगुळीत, चकचकीत मुंडकं. आजही तो हातात घेतला की वाईट वाटतं. हा पांढरा धातू चांदी नव्हे. तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते. त्यात तांबं असल्यामुळे कोपऱ्यांत हिरवट थर धरतो. तो कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ दातब्रशने काढा, लगेच पूर्ण कोरडा करा, एवढंच. चिंच, राख, पितळेची पावडर काही नको. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, ती चिकट होऊन धातूला हिरवं करतात. रबरबँड तर चांदीजवळ अजिबात नको. साध्या सुती कापडात किंवा आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळा आणि नाशिकच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

आता विक्रेता. तुम्ही जाब विचारण्याची भाषा केलीत. विचारायला हरकत नाही, पण आधी तुम्हाला नेमकं काय बोचतंय ते बघा. बिल्ला मागून तपासल्यावर ठोकीव निघाला, पाठीवर जुनी मळकट छटा निघाली, तर वस्तू अस्सल आहे. खोटी होती ती तिच्यावर चिकटवलेली कथा. बाजारात टेबल मांडून बसलेल्या माणसाने 'असई' वाचलं, लढाईचं साल कुठेतरी शोधलं आणि जोडून दिलं, असंही असू शकतं. मुद्दाम फसवलंच असेल, तरी तीन वर्षांनंतर पावतीवर 'लष्करी बिल्ला' एवढंच लिहिलेलं असताना भांडून हाती काही लागेल असं मला वाटत नाही. पावतीवर १८०३ लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. मग लेकीला पावती घेऊन पाठवा आणि शांतपणे पैसे परत मागा. ओतीव नक्कल निघाली तर? ती फेकू नका आणि विकूही नका. पाठीवर न पुसणाऱ्या शाईने 'नक्कल' लिहून ठेवा. पुढच्या खरेदीच्या वेळी ताडून पाहायला ती तुम्हाला फार उपयोगी पडेल.

यापुढे, आणि हे जालावरून खरेदी करणाऱ्या सगळ्यांनाच सांगते: पैसे देण्याआधी मागच्या बाजूचा फोटो पट्टीसकट मागा, वजन मागा, आणि 'मूळ की रीस्ट्राइक' याचं उत्तर लेखी मागा. यातलं काहीही द्यायला टाळाटाळ झाली की पुढे जाऊ नका. '७८ वर्षांच्या शिपायाच्या घरातून आला' वगैरे कथेचे पैसे द्यायचे नाहीत. कथेला कागद असेल, नाव-नंबर कोरलेला असेल, तर मात्र द्यावेत.

वहिनींचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो मला सगळ्यात खरा वाटला. त्यांना 'तुला कळत नाही' असं म्हणू नका. असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज हरली, हे खरंच आहे. पण वहिनींना त्या दिवसाचा पुढचा तपशीलही सांगा. ७४ वी पलटण उजवीकडे भरकटत असई गावाच्या तोंडाशी गेली आणि तिथल्या तोफांच्या माऱ्यात सापडली. तिचे जवळपास सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले, चारशेच्या आसपास माणसं पडली. मराठ्यांच्या बाजूचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफा सोडून हलले नाहीत. त्या गोलंदाजांनी हा मार दिला नसता, तर हत्ती इतक्या अभिमानाने शतकभर मिरवायचं ७४ वीला कारणच उरलं नसतं. त्या गोलंदाजांची नावं कुणी कोरून ठेवली नाहीत. त्यांच्या तोफांची धग मला त्या हत्तीत दिसते, आणि म्हणून तो बिल्ला घरात ठेवण्यात मला गैर वाटत नाही.

आणि तुमचा बिल्ला १९०१ नंतरचा आहे म्हणून आणखी एक गोष्ट त्याच्याशी जोडली जाते, १८०३ च्या कथेत जिला जागाच नव्हती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली. आत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण होती, म्हणजे रत्नागिरी, सातारा, पुणे भागातली माणसं. त्यांना सोडवायला १९१६ च्या पहिल्या महिन्यांत जी फौज तैग्रिसच्या काठाने झुंजत वर सरकत होती, तिच्यात सीफोर्थ हायलंडर्सची पहिली तुकडी आणि हायलंड लाइट इन्फन्ट्रीची पहिली तुकडी होती. असईचा हत्ती मिरवणारी माणसं मराठ्यांना वाचवायला जीव देत होती. वेढा फुटला नाही, २९ एप्रिलला कूत पडलं. तुमचा बिल्ला तिथे होता असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर मीही त्या टेबलवाल्यासारखीच. तो ग्लासगोतल्या ट्रामवाल्यांच्या टोपीवरचाही असू शकेल, कारण १९१४ मध्ये ट्रामच्या चालक-वाहकांनी मिळून या पलटणीची १५ वी तुकडी उभी केली होती. तो कधीच न वापरता १९४५ च्या कोठारातून निघालेलाही असेल. हे सगळं त्या ५२ वर्षांच्या पट्ट्यात मावतं. एका सालात यातलं बरंचसं हातचं गेलं असतं.

विकायचं का? माझं मत विचाराल तर आत्ता नाही. घाबरून विकणारा नेहमी पडत्या किमतीला विकतो. आधी ३४ ही बिल्ले तपासा. मग जे ओतीव किंवा रीस्ट्राइक निघतील ते बाजूला, आणि उरलेल्यांतून असईशी नातं असलेले, म्हणजे हायलंड लाइट इन्फन्ट्री आणि सीफोर्थ, एवढेच ठेवायचे का, हा विचार करा. एका धाग्यात ओवलेले आठ बिल्ले ३४ सुट्यांपेक्षा मला जास्त बोलके वाटतात. पेन्शनमधून महिन्याला किती, तो आकडा वहिनींसमोर ठरवा आणि पाळा. बाकीचे विकायचे तर ग्लासगोतच विका, तिथे त्यांना जाणकार गिऱ्हाईक आहे. पण एक कायद्याची गोष्ट लक्षात ठेवा: शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू भारताबाहेर नेण्यावर आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचं बंधन आहे. पहिल्या महायुद्धाचे बिल्ले आता त्या वयाचे झाले. म्हणून जे विकायची शक्यता आहे ते लेकीकडेच राहू द्या, आणि इकडे आणलेल्यांच्या खरेदीच्या व विमानतळावरच्या पावत्या बिल्ल्यासोबत जपा.

पुढच्या फेरीत एडिंबरोच्या किल्ल्यातलं राष्ट्रीय युद्ध संग्रहालय आणि इनव्हर्नेसजवळ फोर्ट जॉर्जचं हायलंडर्स संग्रहालय बघा. उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. काचेसमोर वही घेऊन उभे राहा, मुकुट काढा, कड्या कुठे आहेत ते बघा. आणि त्याआधी नाशिकहून एकदा असईलाच जा. भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात ते गाव आहे. वहिनींनाही न्या.

प्रत्येक बिल्ल्यासाठी एक पोस्टकार्डाएवढं कार्ड करा. पहिलं मी लिहून देते:

'हायलंड लाइट इन्फन्ट्री. साध्या शिपायाचा ग्लेनगॅरी बिल्ला, पांढरा धातू. काळ १९०१ ते १९५३, मुकुटावरून. ग्लासगो, ९५ पौंड. विक्रेत्याचं म्हणणं १८०३, ते चूक. मागची बाजू:'

पुढची जागा रिकामी ठेवली आहे. ती तुम्ही भरायची.